आतड्याच्या कर्करोगाची तपासणी आधी कोणाची करावी?

माझ्या दवाखान्यात मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या तपासणीबद्दल जे लोक आपणहून विचारतात, त्यांच्यापैकी बहुतेकांना तातडीची गरज नसते. आणि ज्यांना ती असते ते हा विषय सहसा काढतच नाहीत. विचारणारे असतात ते मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत असलेले, साठीच्या आसपासचे, दरवर्षी रक्ताच्या सगळ्या तपासण्या करून घेणारे आईवडील. न विचारणारा असतो तो चाळिशीतला माणूस, ज्याचा मोठा भाऊ काही वर्षांपूर्वी आतड्याच्या गाठीने गेला आणि जो माझ्याकडे फक्त खोकल्याचे औषध घ्यायला येतो. लालबाग-परळ भागात फॅमिली डॉक्टर म्हणून काम करताना माझे एक मत हळूहळू पक्के होत गेले आहे. आपल्याकडे या कर्करोगाची तपासणी सुधारायची असेल, तर सुरुवात कोलोनोस्कोपीच्या, म्हणजे गुदद्वारातून दुर्बीण घालून मोठे आतडे आतून पाहण्याच्या, यंत्रांपासून न करता प्रत्येक माणसाचा धोका नीट विचारून, मोजून आणि लिहून ठेवण्यापासून करायला हवी, आणि हे काम छोट्या दवाखान्यातच होऊ शकते.

आधी या आजाराचे एक वैशिष्ट्य सांगायला हवे, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. मोठ्या आतड्याचा कर्करोग बहुतेक वेळा आतड्याच्या अस्तरावर उगवलेल्या छोट्या मांसल कोंबापासून, म्हणजे पॉलिपपासून होतो, आणि साध्या पॉलिपचे कर्करोगात रूपांतर व्हायला साधारणपणे दहा वर्षे किंवा त्याहून अधिक काळ लागतो. या काळात पॉलिप दिसला तर कोलोनोस्कोपी करतानाच तो तारेच्या फासाने कापून काढता येतो आणि त्यातून होऊ घातलेला कर्करोग टळतो. बहुतेक कर्करोगांमध्ये तपासणीचा अर्थ लवकर निदान एवढाच असतो; इथे मात्र आजार होण्याआधीच थांबवता येतो. तरीही 2022 सालच्या जागतिक अंदाजानुसार जगभरात या कर्करोगाचे 19 लाखांहून अधिक नवे रुग्ण आढळले आणि 9 लाखांहून अधिक माणसे त्याने दगावली. नव्या रुग्णांच्या संख्येत तो तिसरा आणि मृत्यूंच्या संख्येत दुसरा आहे.

मग सर्वांचीच कोलोनोस्कोपी का करू नये, असा प्रश्न साहजिक आहे. अमेरिकेत 2021 पासून सर्वसाधारण धोका असलेल्या प्रत्येकाला वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षापासून तपासणी सुचवली जाते. भारतात या आजाराचे प्रमाण पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत पुष्कळ कमी आहे. प्रमाण कमी असले की सरसकट तपासणीत हजारो निरोगी माणसांना आतडे रिकामे करण्याचा त्रास, खर्च आणि क्वचित प्रसंगी आतड्याला छिद्र पडण्यासारखा धोका पत्करावा लागतो, तर त्यातून हाती लागणारे रुग्ण थोडे असतात. शिवाय कोलोनोस्कोपी करणारे हात आणि त्यासाठीच्या खाटा मर्यादित आहेत. त्या निरोगी आणि आग्रही लोकांनी भरल्या तर ज्याला खरोखर रक्त पडते आहे त्याची तारीख पुढे जाते. म्हणून आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात तिशीच्या पुढच्या लोकांसाठी तोंडाचा, स्तनाचा आणि गर्भाशयमुखाचा अशा तीनच कर्करोगांची तपासणी आहे, आणि उपलब्ध साधनांचा विचार करता हा क्रम मला योग्य वाटतो.

परंतु ‘प्रमाण कमी आहे’ या वाक्याचा अर्थ ‘आपल्याला होत नाही’ असा घेतला जातो, आणि तिथे नुकसान होते. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात एका वर्षात नोंदवलेल्या 800 रुग्णांचा आढावा 2017 मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात रुग्णांचे वय साधारणपणे 47 च्या आसपास होते आणि निम्म्याहून अधिक जणांची तक्रार गुदद्वारातून रक्त जाण्याची होती. मोठ्या रुग्णालयाकडे कोणते रुग्ण पोहोचतात याचा परिणाम अशा आकड्यांवर होतो, हे मान्य करूनही त्यातून दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. पन्नाशीची रेघ आखून तिच्या अलीकडच्या सर्वांना निर्धास्त करणे आपल्याकडे परवडणारे नाही. आणि लक्षणे दिसत असूनही माणसे उशिरा पोहोचत आहेत.

म्हणून माझ्या कागदावर पहिला प्रश्न लक्षणांचाच असतो. शौचातून रक्त जाणे, नेहमीची शौचाची सवय काही आठवडे बदललेली असणे, पोट साफ न झाल्याची भावना सतत राहणे, कारण नसताना वजन उतरणे, आणि पुरुषांमध्ये किंवा पाळी गेलेल्या स्त्रियांमध्ये लोह कमी झाल्याने आलेला पंडुरोग, यांपैकी काहीही असेल तर तो माणूस चाळणी तपासणीच्या रांगेतला राहत नाही. त्याचे निदान करायचे असते. हा भेद फार महत्त्वाचा आहे. वय, धूम्रपान अशा गोष्टींना गुण देऊन धोका मोजण्याची पद्धत किंवा मलातील रक्ताची चाचणी ही ज्याला काहीही होत नाही अशा माणसासाठी आहे. ज्याला उघड रक्त पडते आहे त्याला ‘तुमचे गुण कमी आहेत’ असे सांगून घरी पाठवणे धोकादायक आहे.

मुंबईत शौचातून रक्त गेले की त्याला एकच नाव मिळते, ते म्हणजे मूळव्याध. लोकलच्या डब्यात आणि पुलाच्या खांबांवर मूळव्याध-भगंदरावर विनाशस्त्रक्रिया इलाजाच्या जाहिराती असतात, औषधांच्या दुकानात मलम मिळते, आणि शौचाला बसताना दुखले नाही तर माणूस निश्चिंत होतो. खरे तर न दुखता पडणारे रक्त हे मूळव्याधीचेही असू शकते आणि गाठीचेही, आणि एकाच माणसाला दोन्ही असू शकतात. गुदाशयातल्या खालच्या अनेक गाठी हातमोजा घालून बोटाने केलेल्या तपासणीत लागतात. ही तपासणी दोन मिनिटांची असते, तिला यंत्र लागत नाही. लागते ती फक्त पडद्याआडची जागा आणि रुग्णाला नीट समजावून सांगण्याची तयारी. रुग्ण संकोचतो आणि डॉक्टर टाळतो, म्हणून ती राहून जाते. मूळव्याधीची चिठ्ठी लिहिण्याआधी ही तपासणी झालीच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

दुसरा प्रश्न कुटुंबाचा, आणि तो विचारण्यावरच माझा सर्वांत जास्त वेळ जातो. ‘तुमच्या घरात कोणाला कॅन्सर झाला आहे का?’ असे विचारले की दहापैकी नऊ वेळा ‘नाही’ असे उत्तर येते आणि त्यातली बरीच उत्तरे चुकीची असतात. खोटे बोलण्याचा हेतू कोणाचाच नसतो. घरात तो आजार त्या नावाने कधी उच्चारलाच गेलेला नसतो. एका गृहस्थांशी झालेले बोलणे उदाहरणादाखल देते.

“काका, घरात कोणाला कॅन्सर?”

“नाही हो मॅडम, आमच्याकडे कोणालाच नाही.”

“वडील कशाने गेले?”

“ते गावी असायचे. पोटात गोळा झाला होता. संडास बंद झाली, तालुक्याला नेलं, तिथून पुढे न्यायला सांगितलं, पण ते म्हणाले आता घरीच न्या.”

“तेव्हा वय काय होतं त्यांचं?”

“पन्नास असेल. माझी दहावी व्हायची होती.”

“आणि आत्या, काका?”

“एक आत्या होती. तिची पिशवी काढली होती. नंतर तीही गेली.”

यातल्या नंतरच्या तीन उत्तरांत जी माहिती आहे ती ‘कॅन्सर आहे का’ या प्रश्नाने कधीच हाती लागली नसती. वडिलांना आतड्याचा कर्करोगच होता असे यावरून सिद्ध होत नाही. आतड्याच्या क्षयानेही अशी अडचण होते आणि कोकणातल्या छोट्या दवाखान्यातले त्या काळचे कागद आता मिळणे कठीण. तरीही पन्नाशीत आतडे बंद पडून वारलेले वडील आणि गर्भाशय काढल्यानंतर दगावलेली आत्या हे दोन्ही एकाच घरात असतील, तर त्या माणसाला सर्वसाधारण धोक्याचा समजून पुढे जाणे मला पटत नाही.

म्हणून मी केसपेपरच्या मागच्या बाजूला वंशवृक्ष काढते. पुरुषासाठी चौकोन, स्त्रीसाठी वर्तुळ, वारलेल्या व्यक्तीवर तिरकी रेघ. आधी आईवडील, मग सख्खी भावंडे, मग मुले, आणि त्यानंतर दोन्हीकडचे आजी-आजोबा, काका-मामा, आत्या-मावश्या, प्रत्येकाबद्दल स्वतंत्रपणे. कोण कशाने गेले, आजार कळला तेव्हा वय काय होते, ऑपरेशन झाले असेल तर कोणत्या अवयवाचे, पोटावर शौचाची पिशवी लावली होती का, कोलोनोस्कोपीत कोंब काढल्याचे कोणी सांगितले होते का, हे विचारायचे. वयाचा आकडा आठवत नसेल तर ‘तुमचे लग्न झाले होते का’, ‘गिरणी संपाच्या आधी की नंतर’ असे विचारले की उत्तर बऱ्यापैकी जवळ येते. माहेरची माहिती बायकांना पुरुषांपेक्षा अधिक असते, त्यामुळे पुढच्या वेळी आईला किंवा मोठ्या बहिणीला फोन करून या, असे सांगून मी कोरा कागद घरी देते. तो भरून आणणाऱ्यांची संख्या माझ्या अपेक्षेपेक्षा चांगली आहे.

आईवडील, सख्खी भावंडे किंवा मुले यांपैकी एकाला हा कर्करोग झालेला असला तर माणसाचा धोका साधारणपणे दुप्पट होतो. तो नातेवाईक साठीच्या आत आजारी पडलेला असेल, किंवा असे दोन नातेवाईक असतील, तर चाळिसाव्या वर्षी, किंवा घरातल्या सर्वांत कमी वयाच्या रुग्णाला आजार कळला त्या वयाच्या दहा वर्षे आधी, यांपैकी जे लवकर येईल तेव्हा कोलोनोस्कोपी सुरू करावी आणि दर पाच वर्षांनी पुन्हा करावी, असा सर्वमान्य सल्ला आहे. भावाला अडतिसाव्या वर्षी गाठ निघाली असेल तर धाकट्या भावाची तपासणी अठ्ठाविसाव्या वर्षापासून सुरू व्हायला हवी. हे गणित अगदी सोपे आहे, पण भावाचे वय कोणी विचारलेच नाही तर ते मांडता येत नाही.

आत्याच्या गर्भाशयाचा प्रश्न मी का विचारते, यामागे एक जुना इतिहास आहे. 1895 मध्ये अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात आल्ड्रेड वॉर्थिन नावाचे विकृतिशास्त्रज्ञ होते. त्यांच्याकडे शिवणकाम करणाऱ्या बाईंनी त्यांना सांगितले की आमच्या घरातली माणसे आतड्याच्या किंवा गर्भाशयाच्या आजाराने जातात आणि मीही तशीच जाणार. पुढे त्या गर्भाशयाच्याच कर्करोगाने वारल्या. वॉर्थिन यांनी त्या कुटुंबाची पिढ्यांची माहिती जमवून 1913 मध्ये प्रसिद्ध केली. 1960 च्या दशकात हेन्री लिंच यांनी अशा इतर कुटुंबांचा अभ्यास केला आणि 1990 च्या दशकात त्यामागची जनुके सापडली. आज ज्याला लिंच सिंड्रोम म्हणतात त्या विकाराची सुरुवात, म्हणजे, एका बाईंनी आपल्या घराबद्दल नेमके सांगितले आणि एका डॉक्टरांनी ते लिहून ठेवले इथून झाली. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या दर शंभर रुग्णांपैकी साधारण तिघांना हा विकार असतो. पेशी विभागताना डीएनएमध्ये होणाऱ्या चुका दुरुस्त करणाऱ्या जनुकांपैकी एक जनुक त्यात सदोष असते, आणि तो दोष प्रत्येक अपत्याकडे जाण्याची शक्यता 50 टक्के असते. एमएलएच1 किंवा एमएसएच2 या जनुकांत दोष असेल तर कोलोनोस्कोपी विशी ते पंचविशीतच सुरू करून दर एक-दोन वर्षांनी करावी लागते, कारण अशा आतड्यात पॉलिपचा कर्करोग व्हायला दहा वर्षे लागत नाहीत. एकाच घरात तीन रुग्ण, सलग दोन पिढ्या आणि त्यांपैकी एक तरी पन्नाशीच्या आतला, ही जुनी तीन-दोन-एकची खूण प्रत्येक फॅमिली डॉक्टरने पाठ करून ठेवावी. मात्र आपल्याकडची लहान होत चाललेली कुटुंबे आणि अर्धवट माहिती पाहता ती खूण पूर्ण भरण्याची वाट बघू नये.

याहून खात्रीचा एक मार्ग आहे आणि तो दवाखान्याऐवजी रुग्णालयातून सुरू होतो. आतड्याच्या गाठीचा तुकडा तपासताना त्यातील चार दुरुस्ती-प्रथिने आहेत की नाहीत हे रंगद्रव्य वापरून पाहता येते. एखादे प्रथिन नसेल तर लिंचचा संशय येतो आणि रक्ताची जनुकीय चाचणी पुढची पायरी ठरते. ही तपासणी प्रत्येक रुग्णाच्या गाठीवर व्हावी असा आता सर्वमान्य आग्रह आहे, आणि तिचा उपयोग रुग्णाच्या औषधयोजनेलाही होतो. माझे म्हणणे त्यापुढचे आहे. रुग्णाला घरी सोडताना त्याच्या कार्डावर ‘सख्ख्या भावंडांनी आणि मुलांनी अमुक वयात तपासणी करावी’ असे एक वाक्य मराठीत लिहिलेले असावे. ज्या देशात आजाराचे प्रमाण कमी आहे तिथे सर्वाधिक धोक्याची माणसे शोधण्यासाठी वस्त्या पालथ्या घालाव्या लागत नाहीत. ती रुग्णाला भेटायला डबा घेऊन आलेली असतात.

लक्षणे नाहीत आणि कुटुंबातही काही नाही, असे ठरल्यावरच मी गुणांकडे वळते. आशिया-पॅसिफिक गुणपद्धत या नावाने ओळखली जाणारी एक सोपी पद्धत 2011 मध्ये प्रसिद्ध झाली. वय 50 ते 69 असेल तर 2 गुण, 70 किंवा अधिक असेल तर 3, पुरुष असेल तर 1, आईवडील-भावंडे-मुले यांत कोणाला हा कर्करोग असेल तर 2, आणि आता किंवा पूर्वी धूम्रपान केले असेल तर 1. बेरीज 4 ते 7 आली तर धोका जास्त, 2 किंवा 3 आली तर मध्यम, त्याहून कमी असेल तर सर्वसाधारण. ज्यांना काहीही लक्षणे नव्हती अशा लोकांची कोलोनोस्कोपी करून ही पद्धत पडताळली गेली, तेव्हा जास्त धोक्याच्या गटात कर्करोग किंवा गंभीर पॉलिप सापडण्याची शक्यता सर्वसाधारण गटाच्या 4.3 पट निघाली. जास्त गुणांना कोलोनोस्कोपी आणि इतरांना मलातील रक्ताची चाचणी, अशी विभागणी केली की दुर्मीळ साधन नेमक्या माणसाकडे जाते. पंचावन्न वर्षांचा विडी ओढणारा पुरुष घरात कोणालाही आजार नसताना 4 गुणांवर पोहोचतो, आणि हे त्याला बोटांवर मोजून दाखवता येते. रक्तदाबाचा आकडा जसा माणसाच्या लक्षात राहतो तसा हाही राहतो.

पण या पद्धतीचा आंधळा वापर केला तर ती कुठे फसवते हेही पाहिले पाहिजे. बेचाळीस वर्षांचा पुरुष घ्या, धूम्रपान नाही, पण भावाला अडतिसाव्या वर्षी कर्करोग झालेला. त्याची बेरीज 1 आणि 2 मिळून 3 होते, म्हणजे मध्यम धोका, म्हणजे फक्त मलाची चाचणी. कौटुंबिक नियमाप्रमाणे मात्र त्याची कोलोनोस्कोपी केव्हाच व्हायला हवी होती. गुणपद्धतीत नातेवाइकाचे वय मोजलेले नाही आणि नातेवाईक एक आहे की तीन हेही मोजलेले नाही. म्हणून प्रश्नांचा क्रम बदलू नये: आधी लक्षणे, मग कुटुंब, आणि या दोन्हीतून निर्धोक ठरलेल्यांसाठी गुण. शिवाय आपल्याकडे तंबाखू बहुतांशी चघळली जाते, मिसरी लावली जाते, आणि या गुणपद्धतीत ती धरलेली नाही; तिच्यासाठी मी वेगळी नोंद करते आणि त्याच वेळी तोंड उघडायला सांगून आत पाहून घेते. दीर्घकाळ अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याच्या अस्तराला सूज आणि व्रण होण्याचा आजार) असलेल्या रुग्णांचा मार्ग निराळा आहे, त्यांची तपासणी आजार सुरू झाल्यापासून आठ वर्षांनी सुरू होते. लठ्ठपणा, मधुमेह, मद्यपान आणि बैठे काम यांनीही धोका वाढतो, त्यांची नोंद मी ठेवते, पण त्यांच्यामुळे तपासणीचे वय सहसा बदलत नाही.

मध्यम धोक्याच्या माणसाला जी चाचणी सांगायची ती म्हणजे फिट, मलातील मानवी रक्तातले हिमोग्लोबिन प्रतिपिंडांच्या साहाय्याने ओळखणारी चाचणी. मलातील रक्त रासायनिक पद्धतीने ओळखणाऱ्या जुन्या ग्वायाक चाचणीच्या आधी मटण, मुळा अशा गोष्टी वर्ज्य कराव्या लागत. फिटला पथ्य नाही. ‘स्टूल ऑकल्ट ब्लड’ एवढेच चिठ्ठीवर लिहिले तर प्रयोगशाळा दोनपैकी कोणतीही चाचणी करू शकते, म्हणून नाव स्पष्ट लिहावे. एका वेळच्या फिटमध्ये कर्करोग असल्यास चारपैकी साधारण तीन वेळा कळतो, मोठे पॉलिप मात्र चारपैकी एकदाच. त्यामुळे ती एकदा करून विसरण्याची चाचणी नव्हे. ती दर वर्षी किंवा दोन वर्षांनी करत राहिले तरच तिचा उपयोग होतो.

नमुना कसा घ्यायचा हे कोणी समजावून सांगत नाही, आणि बऱ्याच चाचण्या तिथेच अडतात. चाळीत सामाईक संडास असतो, बाहेर रांग असते, भांडे भारतीय बैठकीचे असते आणि त्यात पाणी असते. मल पाण्यात पडण्याआधी मिळायला हवा. त्यासाठी जाड कागद किंवा वर्तमानपत्राची घडी भांड्यावर पसरावी, नळीच्या झाकणाला जोडलेली खाचांची काडी मलाच्या पृष्ठभागावर चार-पाच ठिकाणी फिरवावी, खाचा भरतील एवढेच घ्यावे आणि काडी पुन्हा नळीत खटकन बसवावी. ढीगभर नमुना घेण्याची गरज नसते, हे ऐकून पुष्कळांचा संकोच कमी होतो. पाळी चालू असताना किंवा लघवीतून रक्त जात असताना नमुना घेऊ नये. उष्णतेने नमुन्यातल्या हिमोग्लोबिनचे विघटन होते आणि रक्त असूनही अहवाल निर्दोष येऊ शकतो. मे महिन्यात नळी दिवसभर पिशवीत घेऊन फिरणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगते. सकाळी घेतलेला नमुना सकाळीच द्यावा, किंवा दोन पिशव्यांत गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवावा.

अहवाल सदोष आला, म्हणजे मलात रक्त आढळले, तर पुढे कोलोनोस्कोपीच करायची असते. ‘मूळव्याध आहे ना, त्याचेच रक्त असेल’ असे म्हणून थांबणे किंवा चाचणी पुन्हा करून ती निर्दोष आली म्हणून सुटकेचा श्वास टाकणे, हे दोन्ही चूक आहे. अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासात सदोष अहवालानंतर कोलोनोस्कोपीला दहा महिन्यांपेक्षा जास्त उशीर झालेल्यांत कर्करोगाचा आणि पुढच्या टप्प्यातील आजाराचा धोका वाढलेला दिसला. म्हणून मी सदोष अहवालांची वेगळी वही ठेवते, आणि ज्याच्या नावापुढे कोलोनोस्कोपीची तारीख लागलेली नाही त्याला फोन जातो. संगणक असलेल्या दवाखान्यात हे अधिक सोपे व्हावे.

कोलोनोस्कोपीचा दर्जा आदल्या रात्री रुग्णाच्या घरात ठरतो. आतडे स्वच्छ नसेल तर चपटे पॉलिप दिसत नाहीत आणि सगळा खटाटोप वाया जातो. औषधाची पावडर पाण्यात मिसळून निम्मी आदल्या संध्याकाळी आणि निम्मी तपासणीच्या चार ते सहा तास आधी घेतली की आतडे सर्वांत चांगले साफ होते. सकाळी नऊची वेळ असेल तर दुसरा भाग पहाटे चारला घ्यावा लागतो. सामाईक संडास असलेल्या माणसासाठी हे किती अवघड आहे याचा विचार छापील सूचनापत्रात नसतो. अशा रुग्णांना मी स्वतंत्र संडास असलेल्या नातेवाइकाकडे एक रात्र राहायला सुचवते, आणि शक्य असेल तर दुपारची वेळ मागून घेते. आधीचे दोन दिवस पालेभाज्या, पेरू, टोमॅटो, तीळ, शेंगदाणे टाळून मऊ भात आणि सालीशिवाय मुगाचे वरण घ्यावे. आदल्या दिवशी नारळपाणी, साखरपाणी, बिनदुधाचा चहा चालतो. कोकम सरबत मात्र नको, कारण त्याचा लाल रंग आत रक्तासारखा दिसतो. लोहाच्या गोळ्या काही दिवस आधी बंद कराव्या लागतात. रक्त पातळ करणाऱ्या आणि मधुमेहाच्या औषधांबद्दल मात्र स्वतः काही न ठरवता डॉक्टरांना विचारावे.

हे सगळे एकट्या डॉक्टरने करायचे नाही. मुंबईत पूर्वी झालेल्या एका मोठ्या प्रयोगात वस्त्यांमधल्या दीड लाखाहून अधिक स्त्रियांचा समावेश होता. प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनी व्हिनेगरसारख्या सौम्य आम्लाने गर्भाशयमुखाची तपासणी केली आणि त्या कर्करोगाने होणारे मृत्यू 31 टक्क्यांनी घटले. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेला हा निष्कर्ष टाटा स्मारक रुग्णालयातील संशोधकांचा आहे. नीट शिकवलेल्या, वस्तीतल्याच बाईने नेमके काम केले तर काय होऊ शकते, याचा तो आपल्या शहरातला पुरावा आहे. आज आशाताई घरोघरी जो असंसर्गजन्य आजारांचा अर्ज भरतात, त्यातील कुटुंबाच्या प्रश्नात रक्तदाब, मधुमेह आणि हृदयविकार यांची विचारणा असते. त्यात ‘आईवडील, भावंडे किंवा मुलांपैकी कोणाला आतड्याची गाठ, ऑपरेशन किंवा कर्करोग, आणि कोणत्या वयात?’ ही एक ओळ वाढवली, आणि ‘हो’ म्हणणाऱ्याला महापालिकेच्या ‘आपला दवाखाना’ केंद्रातून कोलोनोस्कोपी असलेल्या रुग्णालयात पाठवण्याची सोय केली, तर नवे यंत्र न घेताही पुष्कळ साधेल. मात्र ‘हो’ला पुढे रस्ता नसेल तर तो प्रश्न विचारू नये; माणसाला भीती देऊन दारातच उभे करणे योग्य नाही.

भीतीचा मुद्दा खरा आहे. वंशवृक्ष काढताना अनेक आया हळूच विचारतात, “मॅडम, हे कुठे लिहून राहणार नाही ना? पोरीचं लग्न व्हायचंय.” मी त्यांना सांगते की हा कागद त्यांच्याच फाइलमध्ये राहील आणि त्यांच्या परवानगीशिवाय कोणालाही दाखवला जाणार नाही. आणि हेही सांगते की मुलीला सदोष जनुक असेल तर ते न विचारल्याने जात नाही, विचारल्याने मात्र तिचा कर्करोग टाळण्याची संधी मिळते. काही घरे त्यानंतरही नकार देतात. तेव्हा मी आग्रह सोडते, पण पुढच्या भेटीत विषय पुन्हा काढते.

धोक्याचा कागद एकदा भरून फाइलला लावला की काम संपले, अशी समजूत मला अनेक ठिकाणी दिसते, आणि ती बदलायला हवी. कुटुंबाचा इतिहास वाढत असतो. अमेरिकेतील एका अभ्यासात, कौटुंबिक इतिहासामुळे लवकर कोलोनोस्कोपीस पात्र ठरणाऱ्यांचे प्रमाण वयाच्या तिसाव्या वर्षी 2.1 टक्के होते, आणि पन्नासाव्या वर्षापर्यंत ते 7.1 टक्क्यांवर गेले. या वीस वर्षांत त्यांची भावंडे आणि आईवडील आजारी पडत गेले होते. त्यामुळे माझ्या कागदावर वंशवृक्षाच्या कोपऱ्यात तो काढल्याची तारीख असते, आणि पाच वर्षे उलटली की तोच माणूस खोकल्याच्या औषधाला आला तरी मी भावंडांची नावे घेऊन पुन्हा सगळे विचारते.